काळा कॉस्च्युम, तिसरी लेन

तो कॉस्च्युम काळा होता, कारण माझ्या मापात दुसऱ्या रंगात तो मिळतच नव्हता. पाळीच्या दिवसांत पोहता यावं म्हणून बनवलेले कॉस्च्युम बहुतेक काळेच असतात. वेबसाइटवरच्या फोटोत एक मुलगी तो घालून हसत पाण्यात उडी मारत होती आणि खाली लिहिलं होतं की आता कुणाला काही कळणार नाही. लिहिणारा माणूस आमच्या क्लबात कधी आला नसणार. आमच्या क्लबचा कॉस्च्युम आकाशी होता, दोन्ही कडांना नारिंगी पट्टे. सगळ्या मुली आकाशीत आणि एकटी मी काळ्यात. कळवायचंच असतं तर याहून सोपा मार्ग नव्हता.

मी तेव्हा नववीत होते. आम्ही मयूर विहारला राहायचो, अजूनही तिथेच राहतो. क्लब नोएडात होता. एका शाळेचा पूल संध्याकाळी भाड्यानं घेऊन आमचे कोच तो चालवायचे. दिल्लीकडचे बहुतेक उघडे पूल एप्रिलमध्ये सुरू होतात आणि सप्टेंबर संपता संपता बंद पडतात, त्यामुळे जे काय पोहायचं ते त्याच महिन्यांत. सप्टेंबरमध्ये क्लबांची आपसातली स्पर्धा असायची आणि मुलींच्या रिलेत तिसरी मी होते. मला ती जागा हवी होती. मी फार बोलत नाही, तेव्हा तर अजिबातच बोलायचे नाही. पाण्यात तोंड घातलं की कुणी तुमच्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नाही. मला जगात आवडणारी अशी ती एकच जागा होती.

पूलच्या लांब बाजूला सिमेंटचा एक बाक होता. पाळी आलेल्या मुलीनं ट्रॅकसूट घालून त्याच्यावर बसायचं आणि इतरांचं पोहणं बघायचं. हा नियम कुणी लिहिला नव्हता. मुलगी गेटमधून कपडे न बदलता आली की सर विचारायचे, "बेंच?" मुलगी मान हलवायची. शेजारच्या लेनमधली मुलं चष्मे वर करून बघायची आणि एकमेकांना कोपर मारायची. कोण कधी बाकावर बसते हे त्यांना आमच्यापेक्षा नीट पाठ होतं. वर सर त्या दिवसांची गैरहजेरी लावायचे. महिन्यात चार गैरहजेऱ्या झाल्या की रिलेतून नाव बाहेर. मुलांच्या टीमला हा नियम कधीच लागला नाही, कसा लागणार? जुलैमध्ये मी तीन दिवस बाकावर बसले आणि चौथ्या दिवशी अजून थांबलं नसताना खोटं बोलून पाण्यात उतरले. संपूर्ण वेळ दात आवळून पोहले. घरी येऊन मम्मीला सांगितलं, की मला हे पुन्हा करायचं नाही.

मम्मी सरकारी शाळेत सायन्स शिकवते. तिला लाज वाटत नाही, प्रश्न पडतात. ती त्या रात्री वाचत बसली. पॅड पाण्यात फुगून जड होतं, ते बाद. टॅम्पॉन आणि कप तिनं मला चित्र दाखवून समजावले, म्हणाली, त्यात वाईट काही नाही, तुला जमेल तेव्हा बघ. मी नको म्हटलं. ती बरं म्हणाली आणि पुढे गेली. मग हे कॉस्च्युम सापडले. खालच्या भागाला आतून तीन पदरी अस्तर, अंगाला लागणारा पदर मऊ, मधला शोषून घेणारा, आणि बाहेरचा पातळ प्लास्टिकसारखा, ज्यातून काही बाहेर येत नाही. "पहिल्या-दुसऱ्या दिवशी यावर भरवसा ठेवू नको," मम्मी म्हणाली. "उरलेल्या दिवसांना चालेल. म्हणजे बाक दोनच दिवस. दोनानं तुझं नाव जात नाही ना?"

नाव जात नव्हतं.

पार्सल आलं त्या दिवशी मम्मीनं बेसिनवर प्रयोग केला. चमच्यानं लाल शाईचं पाणी अस्तरावर ओतलं, दाबलं, उलटं करून बघितलं. बाहेर थेंबसुद्धा नाही. "पास," ती म्हणाली. मग मी घालून बघितलं आणि मांडीपाशी तो सैल निघाला. मापाचा तक्ता कुठल्यातरी धष्टपुष्ट मुलींसाठी केलेला असावा. असा कॉस्च्युम पायाशी घट्ट बसला नाही तर त्याचा काही उपयोग नसतो, एवढं मलाही कळत होतं.

आता आमच्या घरात सैल कपडा परत पाठवत नाहीत. आमच्या घरात सैल कपडा शिवतात. माझ्या आजीपासून ही सवय आहे. युनिफॉर्म दोन मापं मोठा घ्यायचा, आत टिपा मारायच्या, मुलगी वाढली की टिपा उसवायच्या. पप्पांच्या ऑफिसच्या पँटी, सोफ्याची कव्हरं, सगळं मम्मीच्या मशीनखालून गेलेलं आहे. तिनं कॉस्च्युम उलटा केला, दोन्ही पायांशी बोटभर आत घेऊन अस्तरासकट टीप मारली आणि दोरा दातानं तोडला. मी घालून बघितला. अगदी माझ्यासाठी बनवल्यासारखा बसला. लाल शाईचा प्रयोग पुन्हा करावा असं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

ऑगस्टमध्ये पाळीच्या तिसऱ्या दिवशी मी तो घालून गेले. सर म्हणाले, "ये क्या है? यूनिफॉर्म कहाँ है?"

"फट गया सर."

"शोक मनाने आई हो लगता है," ते म्हणाले. मुलांच्या लेनमध्ये हशा झाला. मी पाण्यात उतरले. पाण्यात काहीच झालं नाही. मी सगळं अंतर पोहले, स्टार्टचा सराव केला, आणि मधल्या विश्रांतीत बाकीच्या मुलींसोबत काठावर बसले. तिथेच ते झालं. उठले तेव्हा पांढऱ्या फरशीवर एक फिकट डाग होता. पाण्यात मिसळलेला, गुलाबीसुद्धा म्हणता येणार नाही असा. मी पायानं पाणी उडवून तो धुऊन टाकला. पण माझ्या मागे थर्मासवाली आंटी उभी होती.

ही आंटी म्हणजे रिलेत दुसऱ्या नंबरवर पोहणाऱ्या मुलीची आई. मुलीसाठी रोज थर्मासमधून बदामाचं दूध आणायची, आणि तिच्या मुलीनं भिंतीला टच केलं की मी उडी मारायची असल्यामुळे माझ्यावर तिची नजर असायची. तिनं थर्मास काखेत धरला, वाकली आणि माझ्या कानाशी अगदी गोड आवाजात म्हणाली, "बेटा, डेट आई है?"

मी टॉवेल कमरेला गुंडाळला.

"मम्मी ने बताया नहीं कुछ? पानी में सबके बच्चे हैं ना."

मग ती सरळ उभी राहिली आणि त्याच आवाजात, पण मोठ्यानं, मुलीला म्हणाली, "आ जा, बाहर आ. आज नहीं." मुलगी बाहेर आली. आणखी दोन मुलींनी एकमेकींकडे बघितलं आणि त्याही बाहेर आल्या. एकीनं टॉवेल अंगाभोवती गुंडाळताना माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या डब्यात काहीतरी टाकलं होतं.

घरी पोचेपर्यंत क्लबच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला होता. पूल सबका है, कृपया हाइजीन का ध्यान रखें, बेटियों को समझाएँ. खाली जोडलेल्या हातांच्या रांगा. नाव कुणाचंच नव्हतं. नावाची गरज नव्हती, काळा कॉस्च्युम सगळ्यांनी बघितला होता.

मम्मीनं कॉस्च्युम थंड पाण्यात धुतला आणि स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसमोर ताणून धरला. दोन्ही पायांच्या कडेनं उजेडाचे ठिपके दिसत होते. एकामागे एक, सरळ रेषेत, अगदी व्यवस्थित. तिच्या सुईची भोकं. बाहेरचा तो पातळ पदर तिनं स्वतःच्या हातानं चाळणीसारखा करून ठेवला होता.

"एवढं शिकवते मी पोरांना," ती म्हणाली. मग हात पुसून फोन घेतला आणि त्याहून लहान मापाचा दुसरा मागवला. "याला मी हात लावणार नाही. नाही बसला तर परत."

पप्पा जेवायला बसले होते. त्यांनीही ग्रुप वाचला होता.

"कशाला मागवतेस?" ते म्हणाले.

"कशाला म्हणजे? पोरगी पोहायला जाते."

"चार दिवस नाही गेली तर काय बिघडतं? दुनियेतल्या सगळ्या पोरी बसतात ना घरी."

"मग तिचं नाव जातं," मम्मी म्हणाली.

"जाऊ दे ना यार नाव. नाव काय एवढं..." त्यांनी भाकरी मोडली. मग माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "बेटा, लोकांना बोलायला जागा देऊ नये. आपण तरी देऊ नये."

आपण तरी. हे दोन शब्द आमच्या घरात फार जुने आहेत. आमचं मूळ गाव विदर्भात, पप्पा केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि राहिले. सोसायटीत त्यांनी मोठ्यानं कधी बोललेलं मी ऐकलं नाही. लिफ्टमध्ये कुणी गाव विचारलं की ते "नागपूरसाइड" म्हणतात आणि पुढचा प्रश्न यायच्या आत मजला येईल अशी वाट बघतात. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, कारण ती हल्ली सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते, शो-पीस म्हणून खपून जाते. दुसरी तसबीर, निळ्या सुटातली, आतल्या खोलीत कपाटाशेजारी आहे. आणि दर मार्चमध्ये, आतल्या खोलीत, त्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून पप्पा मला महाडच्या तळ्याची गोष्ट सांगायचे. जनावरं ज्या तळ्याचं पाणी प्यायची ते आपल्या माणसांना पिऊ देत नव्हते. आपली माणसं चालत गेली आणि ओंजळीनं प्यायली. आणि मग गावातल्या लोकांनी शेण-गोमूत्राची मडकी ओतून ते पाणी शुद्ध करून घेतलं. मडक्यांपाशी आले की पप्पांचा आवाज दरवर्षी बदलायचा. लहानपणी मला वाटायचं, माझ्या पप्पांइतका शूर माणूस नाही, जणू तेच तिथे चालत गेले होते.

त्या रात्री मला ती गोष्ट आठवली आणि इतका राग आला की जेवण गेलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मार्चमध्ये तर वेगळं सांगता तुम्ही."

ताटावरून त्यांनी मान वर केली. "ते वेगळं," ते म्हणाले. "ते आणि हे एक करू नको." मग मम्मीला म्हणाले, "आणि तो बाल्कनीत वाळत घालू नको."

मम्मीनं तो बाल्कनीतच घातला. सावलीत वाळवायचा असतो म्हणून फक्त चादरीच्या मागे.

मी पप्पांशी बोलणं बंद केलं. मी तशीही कमी बोलायचे, त्यामुळे त्यांना ते कळायला आठवडा लागला.

रिलेचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी पदकाची गोष्ट सांगते आहे. मी तिसरी पोहले, टीम चौथी आली, स्पर्धेच्या दिवशी मला पाळी आलेलीच नव्हती. पण त्याआधी सप्टेंबरची पाळी आली, आणि ते दिवस पाण्यात काढले नसते तर माझं नाव राहिलं नसतं. सरांनी तसं आधीच बोलून ठेवलं होतं. "बेंच तो बेंच है, गैरहाज़िरी तो लगेगी." म्हणजे त्यांचं म्हणणं, पाण्यात आलीस तर आंटी बघेल, नाही आलीस तर मी. तुझं तू ठरव.

दोन दिवस बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी नवा कॉस्च्युम घातला. हा लहान होता, श्वास घेताना खांद्यांना काचत होता, पण पायाशी घट्ट होता आणि त्याला कुणी सुई लावली नव्हती. शाईचा प्रयोग मम्मीनं या वेळी दोनदा केला होता. मम्मी मला सोडून शाळेच्या मीटिंगला गेली. न्यायला पप्पा ऑफिसमधून येणार होते.

मी काळ्यात आलेली बघून सरांनी शिट्टी तोंडात धरून आंटीकडे बघितलं. आंटीनं मुलीला शेवटच्या लेनमध्ये पाठवलं. तिच्यामागे दुसऱ्याही गेल्या. तिसरी लेन मला एकटीला मिळाली. शेवटच्या लेनमध्ये पाच जणी एकमेकींच्या पायाला लागत पोहत होत्या आणि मी अख्ख्या लेनमध्ये एकटी. खरं सांगायचं तर इतकं छान मी त्या सीझनमध्ये कधीच पोहले नव्हते. वळताना कुणी आडवं येत नव्हतं. मनात मी त्यांना शिव्या देत होते, हिंदीत, कारण मराठीतल्या मला फारशा येत नाहीत.

वेळ संपली. बाहेर आले, टॉवेल घेतला, फरशीकडे बघितलं. काही नव्हतं. टॉवेलकडे बघितलं. काही नव्हतं. कॉस्च्युमनं त्याचं काम केलं होतं.

तेवढ्यात मागे बादली आपटल्याचा आवाज आला. पूलवरचे भैया ब्लीचिंग पावडरची बादली घेऊन आले होते. ही पावडर रोज रात्री, सगळे गेल्यावर, साऱ्या पूलमध्ये टाकायची असते. अजून उजेड होता आणि मुलं काठावर अंग पुसत होती. भैयांनी सरांकडे बघितलं. सरांनी हनुवटीनं खुणावलं. भैयांनी डबा बुडवला आणि तिसऱ्या लेनमध्ये पावडर फेकली. एक डबा, मग थोडं पुढे जाऊन दुसरा. फक्त तिसऱ्या लेनमध्ये. पांढरं धुकं पाण्यावर पसरलं आणि खाली बसत गेलं. आंटी थर्मासचं झाकण फिरवत म्हणाली, "हाँ, अच्छा किया."

मी गेटकडे वळले आणि तिथे पप्पा उभे होते. हातात गाडीची किल्ली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. किती वेळ उभे होते माहीत नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते. पाण्याकडे बघत होते, जिथे ती पांढरी पावडर अजून खाली बसत होती.

गाडीत त्यांनी रेडिओ लावला नाही. दिल्लीत शिरताना, चिल्ला बॉर्डरच्या आधी, नेहमीसारखा जाम होता. मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला त्यांचं सांत्वन नको होतं. मला त्यांना म्हणायचं होतं की बघितलं ना, आता ते आणि हे एक आहे की नाही? पण त्यांच्या बोटांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की मला वाटलं, हे रडले तर मी काय करायचं?

ते रडले नाहीत. सोसायटीच्या गेटपाशी म्हणाले, "उद्या किती वाजता असतं?"

"पाचला."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसमधून अर्धी सुट्टी टाकून आले. मी काळा कॉस्च्युम घालून बाहेर आले तेव्हा ते पूलच्या काठावर, बाकावर बसले होते. त्या बाकावर. ट्रॅकसूटवाल्या मुलींच्या जागी, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर ऑफिसचा जेवणाचा डबा ठेवून. तो बाक कशाचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं, किंवा असेल. मी विचारलं नाही.

सर गेले त्यांच्याकडे. "सर, पेरेंट्स उधर बैठते हैं, बाहर."

"मैं यहीं ठीक हूँ," पप्पा म्हणाले.

आंटी थोडी सरकून, हसून म्हणाली, "भाई साहब, बुरा मत मानिए, ये तो हाइजीन की बात है. बच्चियों के लिए ही."

"बिल्कुल," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज लिफ्टमधलाच होता, हळू, सरकारी. "आज भी डलवाइएगा पाउडर. मैं देखने आया हूँ. पूरे पूल में डालते हैं या एक ही लेन में, वो देखना है. फिर जिससे पूछना है, उससे लिखकर पूछूँगा."

आंटीचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून ती निघून गेली. सरांनी शिट्टी वाजवली, गरज नसताना.

मी तिसऱ्या लेनमध्ये पोहले. त्या दिवशीही एकटीच होते, कुणी परत आलं नाही. आंटीची मुलगी एकदा वळताना माझ्याकडे बघून चष्मा नीट करत होती, काही बोलेल असं वाटलं, पण तिनं तोंड पाण्यात घातलं.

मी पप्पांना आजवर थँक्यू म्हटलेलं नाही. त्यांना ते बघायला लागावं, म्हणजे माझ्या लेनमध्ये ती पावडर पडल्याशिवाय त्यांना कळू नये, याचा राग माझ्यात अजून आहे, आणि तो मी जपून ठेवला आहे. मार्चमध्ये ते अजून गोष्ट सांगतात. मडक्यांपाशी आले की आता थांबतात आणि मेणबत्तीची वात नीट करतात.

पण त्या संध्याकाळचं एवढंच सांगते. शेवटची शिट्टी झाली. शेवटच्या लेनमधल्या मुली बाहेर आल्या, मुलं बाहेर आली. भैया बादली घेऊन काठावर उभे राहिले, सरांकडे बघत. सर पप्पांकडे बघत होते. पप्पांनी डबा मांडीवरून खाली ठेवला आणि ते पाण्याकडे बघत होते. मी लेनच्या दूरच्या टोकाला भिंत धरून होते. हे सगळे माझी वाट बघत होते, कारण मी बाहेर आल्याशिवाय पावडर टाकता येत नव्हती.

"चलो, टाइम हो गया," सर ओरडले.

मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं, आणि शर्टाची बाही त्याच्यावर ओढली.

मी चष्मा डोळ्यांवर ओढला, भिंतीला पाय लावले आणि अजून एक लेंथ मारली. मग वळून अजून एक.